आकस्मिक हृदयक्रिया-रोध आणि छातीतील यंत्र : वैद्यांनी व औषधालय-चालकांनी जाणून घ्यावे असे काही

आमच्या चिकित्सालयात सुमारे तीन वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक डाव्या खांद्याच्या अवबाहुकासाठी आले. वय एकसष्ट. हात वर उचलता येत नव्हता, रात्री वेदनेने झोप मोडत होती. इतिहास विचारताना त्यांनी सांगितले, “दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवलाय, आता हृदय ठणठणीत आहे.” आम्ही केसपेपरवर ‘पेसमेकर’ असे लिहिले आणि पुढे गेलो. अभ्यंग, नाडीस्वेद व नस्य योजले. चौथ्या दिवशी आम्ही दुसऱ्या रुग्णाकडे असताना आमच्या सहायकाने, रुग्णाला लवकर आराम पडावा या सद्हेतूने, वेदनाशमनासाठी ठेवलेल्या विद्युत-उपकरणाच्या पट्ट्या त्यांच्या खांद्यावर व छातीच्या वरच्या भागावर लावल्या. मिनिटभरात आतून किंकाळी ऐकू आली. आम्ही धावत गेलो तेव्हा गुरुजी घामाने चिंब होऊन खाटेवर बसले होते. “छातीत आतून घण बसला,” एवढेच ते म्हणाले, आणि आमच्या देखतच तसाच दुसरा आघात त्यांना बसला. पट्ट्या तत्क्षणी काढल्या, नाडी पाहिली. ती द्रुत पण नियमित होती. रुग्णवाहिका बोलावून त्यांना शहरातील हृदयरोग-तज्ज्ञांकडे पाठविले.

तेथे यंत्रातील नोंदी संगणकावर वाचल्या गेल्या. गुरुजींच्या छातीत साधा पेसमेकर नव्हता, आय.सी.डी. होता. हृदयाची गती दोन्ही वेळा प्राकृतच होती. आमच्या उपकरणाचे विद्युत्-स्पंद यंत्राने हृदयाचे विकृत कंपन समजून घेतले आणि आपले काम चोख बजावले. बिघाड यंत्रात नव्हता. तो आमच्या केसपेपरमध्ये होता. त्या दिवसानंतर या विषयाचा जो अभ्यास आम्ही केला, त्यातील व्यवसायबंधूंच्या उपयोगाचा भाग येथे मांडत आहोत.

हृदयविकाराचा झटका आणि हृदयक्रिया-रोध

या दोन अवस्थांची गल्लत वृत्तपत्रे नित्य करतात, आपणही करतो. झटक्यामध्ये हृदयाला रक्त पुरविणारी धमनी अवरुद्ध होते. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो, छातीत शूल, स्वेद, श्वास ही लक्षणे सांगू शकतो. आकस्मिक हृदयक्रिया-रोधात, म्हणजे कार्डियाक अरेस्टमध्ये, विकृती विद्युत्-संचरणाची असते. निलय आकुंचन पावण्याऐवजी केवळ थरथरतात, रक्त बाहेर फेकले जात नाही, आणि काही सेकंदांत माणूस कोसळतो. झटक्याचे पर्यवसान रोधात होऊ शकते, परंतु रोधाची कारणे इतरही आहेत : जुन्या झटक्याचा व्रण, हृदयस्नायूंचे दौर्बल्य वा जन्मजात स्थौल्य, पोटॅशियमचा ऱ्हास, आणि काही द्रव्यांचे विषपरिणाम. शेवटच्या दोन कारणांकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे, कारण ती आपल्या हातून घडू शकतात.

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात हृदयाची गणना सद्यःप्राणहर मर्मांत केली आहे, हे आपण सारेच विद्यार्थिदशेत पाठ करतो. ‘सद्यः’ या पदाचा अर्थ मात्र अशा रुग्णाजवळ उभे राहिल्यावरच कळतो. छातीवर दाब देणे वा विद्युत्-आघात देणे यांपैकी काहीच झाले नाही, तर जगण्याची शक्यता प्रत्येक मिनिटास साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे दहा मिनिटांनंतर आलेल्या कोणत्याही थोर चिकित्सकापेक्षा पहिल्या मिनिटाला शेजारी असलेला औषधालयातील नोकर अधिक मोलाचा ठरतो. रुग्ण हाकेला प्रतिसाद देत नाही, श्वास नाही वा आचके देत आहे, एवढे दिसले की १०८ क्रमांकावर दूरध्वनी करण्यास एकाला सांगावे आणि दुसऱ्याने उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर दोन्ही तळहातांनी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. तोंडात मात्रा घालणे, सुवर्णकल्प उगाळीत बसणे, नाकाशी कांदा धरणे यांत एकही सेकंद दवडू नये. बेशुद्धाच्या मुखात काहीही घालणे हे शास्त्रसंमतही नाही.

छातीत यंत्र असलेल्या व्यक्तीवरही हाच उपचार करावयाचा असतो. दाब देत असताना आय.सी.डी.ने आघात दिलाच, तर स्पर्श करणाऱ्यास फार तर किंचित झिणझिणी जाणवते. त्या भीतीने हात मागे घेऊ नयेत. बाहेरून आघात देणारे स्वयंचलित यंत्र उपलब्ध असल्यास त्याची पट्टी छातीतील उंचवट्यावर न लावता त्यापासून किमान आठ सेंटिमीटर दूर लावावी.

यंत्रे कोणती?

रुग्ण सर्वच यंत्रांना ‘पेसमेकर’ म्हणतात. काही जण धमनीत घातलेल्या स्टेंटलाही ‘मशीन बसवली’ असे म्हणतात. म्हणून शब्दावर विसंबू नये. पेसमेकर हा मंदगती हृदयास ठोके पुरवितो. पहिला अंतःस्थापित पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये बसविला गेला. तो काही तासच चालला. परंतु आर्ने लार्सन हा तो रुग्ण पुढे एकामागून एक यंत्रे बदलीत २००१ पर्यंत जगला आणि आपल्या शल्यविशारदाच्याही मागे राहिला.

आय.सी.डी. ही याहून वेगळी वस्तू आहे. ती सतत पहारा देते आणि निलयांचे घातक कंपन दिसताच आतूनच विद्युत्-आघात देऊन लय पूर्ववत करते. तिचा जनक मिशेल मिरोव्स्की. १९६६ मध्ये त्याचे गुरुतुल्य वरिष्ठ वारंवार येणाऱ्या निलय-द्रुतगतीने दगावले. अशा माणसाला जन्मभर रुग्णालयात ठेवता येत नाही, आणि घरी पाठविले तर आघात देणारे कोणी जवळ नसते. या अडचणीतून शरीरातच राहणाऱ्या यंत्राची कल्पना त्याला सुचली. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे मॉर्टन मॉवर यांच्यासह त्याने ती सिद्धीस नेली. मोठ्या तज्ज्ञांनी तिला जाहीर विरोध केला होता. ४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ती प्रथम मनुष्यात बसविली गेली आणि १९८५ मध्ये अमेरिकी औषध-प्रशासनाची मान्यता मिळाली.

यंत्रच दगा देते तेव्हा

गुरुजी बरे होऊन परत आले ते एक प्रश्न घेऊन. मुलाने त्यांना कोठूनतरी वाचून दाखविले होते की अशी यंत्रे सदोष निघून कंपन्यांनी परत मागविली आहेत. “वैद्यबुवा, हे काढून टाकतो. तुम्ही अर्जुनारिष्ट सुरू करा.” त्यांच्या पत्नी शेजारी उभ्या होत्या, त्या काही बोलल्या नाहीत, आमच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

मुलाने वाचलेले खोटे नव्हते. मार्च २००५ मध्ये अमेरिकेतील एकवीस वर्षांचा एक विद्यार्थी सुटीत युटा राज्यातील मोआब येथे सायकल चालवीत असताना कोसळला व मरण पावला. हृदयस्नायूंच्या जन्मजात स्थौल्यासाठी त्याच्या छातीत गायडंट या कंपनीची आय.सी.डी. होती. आघात द्यावयाच्या क्षणी आतील तारेचे आवरण झिजल्यामुळे यंत्रात शॉर्ट सर्किट झाले. मिनिआपोलिस येथील बॅरी मॅरॉन व रॉबर्ट हाउझर या त्याच्या चिकित्सकांनी चौकशी केली, तेव्हा कळले की हा दोष कंपनीस आधीच ठाऊक होता. २००२ मध्ये तिने रचना सुधारलीही होती. मात्र चिकित्सकांना तिने काही कळविले नाही, आणि सुधारणेपूर्वी तयार झालेली यंत्रे त्यानंतरही विकली. कंपनीचे म्हणणे असे की बिघाडाचे प्रमाण अत्यल्प, यंत्र बदलण्याचा धोका त्याहून मोठा, मग कळवून काय साधणार? त्या दोघांना हे मान्य झाले नाही. मे २००५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने प्रकरण उजेडात आणले. पुढे त्या कंपनीने गुन्हा कबूल केला आणि २०११ मध्ये न्यायालयाने दंड व जप्ती मिळून सुमारे २९.६ कोटी डॉलरची शिक्षा ठोठावली.

यंत्रापेक्षाही त्याच्या तारा नाजूक असतात. त्या प्रत्येक ठोक्याला वाकतात, म्हणजे दिवसाला लाखभर वेळा. ऑक्टोबर २००७ मध्ये मेडट्रॉनिक कंपनीने ‘स्प्रिंट फिडेलिस’ या तारांची विक्री थांबविली. तोपर्यंत जगभरात सुमारे २,६८,००० तारा बसविल्या गेल्या होत्या. त्या तुटल्या की निरोगी लयीतही आघातांमागून आघात बसत, किंवा गरज असता बसतच नसत. सेंट ज्यूड कंपनीच्या ‘रियाटा’ तारांचे आवरण आतून बाहेर झिजत असे. त्यांची विक्री २०१० च्या अखेरीस थांबली. त्याच कंपनीच्या काही आय.सी.डी.ंची विद्युत्-घटे अकाली संपू लागल्याने २०१६ मध्ये सूचना निघाली. २०१७ मध्ये तर अमेरिकेत तिच्या सुमारे ४,६५,००० पेसमेकरांची आज्ञावली सुधारावी लागली, कारण बाहेरील व्यक्ती बिनतारी मार्गाने त्यांत शिरकाव करील असे भय होते.

एवढे वाचल्यावर कोणासही वाटेल की गुरुजींचे बरोबर आहे. येथे कॅनडातील एक अभ्यास उपयोगी पडतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सदोष ठरविलेली आय.सी.डी. असलेले २,९१५ रुग्ण होते. त्यांपैकी ५३३ जणांनी खबरदारी म्हणून यंत्र बदलून घेतले. ४३ जणांना उपद्रव झाले आणि दोघे मरण पावले. उलट, सर्व रुग्णांत मिळून त्या दोषाने यंत्र बिघडल्याच्या घटना केवळ तीन आढळल्या, त्यांतही कोणाचे नुकसान झाले नाही. तेव्हा ‘यंत्र परत मागविले’ याचा अर्थ ‘छाती उघडून काढावे’ असा होत नाही. कोणाचे बदलावे व कोणाचे केवळ निरीक्षणाखाली ठेवावे, हे त्या रुग्णाचे हृदय त्या यंत्रावर किती अवलंबून आहे यावरून ठरते. मात्र याच गणिताचा आधार घेऊन गायडंटने माहिती दडविली होती, तेही विसरता येत नाही. बदलावे की नाही याबाबत मतभेद असू शकतो. सांगावे की नाही याबाबत आमच्या मते नाही.

गुरुजींना आम्ही हेच सांगितले. त्यांच्या ओळखपत्रावरील यंत्र व तारांचा क्रमांक घेऊन हृदयरोग-तज्ज्ञांकडे चौकशी केली. त्यांचे यंत्र कोणत्याही सूचनेत नव्हते. अर्जुनाविषयी स्पष्ट बोलावे लागले. अर्जुन हृद्य आहे, हृदयदौर्बल्यात आम्ही तो श्रद्धेने व अनुभवाने देतो. परंतु निलयांचे कंपन सुरू झाल्यावर दहा सेकंदांत ते थांबविणे हे त्याचे कर्म नाही, आणि कोणत्याही ग्रंथाने तसे म्हटलेले नाही. औषधालय-चालकांनीही ध्यानात घ्यावे की हृदयरोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्यान्वये निषिद्ध आहे. ‘पेसमेकर टाळा’ अशा मथळ्याची पत्रके आमच्याही टपालात आली आहेत. ती दुकानात ठेवू नयेत.

पंचकर्म-कक्षात

गुरुजींचा अवबाहुक कशाने झाला, हा प्रश्न आम्ही पहिल्याच दिवशी विचारावयास हवा होता. यंत्र बसविल्यावर पहिले चार ते सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर नेऊ नये असे सांगतात, कारण तार सरकण्याचा संभव असतो. गुरुजींनी तो नियम दोन वर्षे पाळला! तार निसटेल या भीतीने त्यांनी हात हलविलाच नाही. असे रुग्ण अनेक असतात. तज्ज्ञांची अनुमती घेऊन हळूहळू हालचाल सुरू केली की अर्धे काम होते. उरलेले अभ्यंग व मृदू स्वेदनाने झाले. त्यात यंत्राचा उंचवटा व त्याभोवतीचा चार बोटांचा भाग वगळला. मर्दनाने वा रुग्णाच्या स्वतःच्या चाळ्याने यंत्र त्वचेखाली फिरून तारा गुंडाळल्या गेल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत.

विद्युत्-स्पंद देणारी वेदनाशामक उपकरणे अशा रुग्णात वर्ज्य समजावीत. अर्श, भगंदर वा चामखिळीसाठी विद्युत्-दहन करणाऱ्या बंधूंना विशेष विनंती आहे : यंत्र आहे का, हे विचारल्यावाचून पेडलवर पाय ठेवू नये. असल्यास ती क्रिया हृदयरोग-तज्ज्ञांच्या सल्ल्याने, यंत्राची व्यवस्था लावूनच व्हावी. क्षारसूत्र बांधण्यास वा पारंपरिक शलाकेने अग्निकर्म करण्यास विद्युत्-दृष्ट्या प्रत्यवाय नाही. मात्र यंत्राच्या जागी अग्निकर्म, विद्धकर्म, जलौका, लेप यांपैकी काहीही करू नये. तेथे रक्तिमा, शोथ, उष्मा वा स्राव दिसला तर तो ‘त्वचाविकार’ म्हणून हाताळू नये. जंतू तारांच्या वाटे थेट हृदयात पोहोचतात, आणि बहुधा सर्व यंत्रणाच काढावी लागते. त्याच दिवशी पाठवावे.

शोधनाबाबत आमचे मत कठोर आहे. हे रुग्ण बहुधा मूत्रल औषधे घेत असतात. त्यांत तीक्ष्ण विरेचन दिले की पोटॅशियम झपाट्याने घटते, आणि दुर्बल हृदयात तेच घातक कंपनाचे निमंत्रण ठरते. वमन आम्ही देत नाही. विरेचन देणे अपरिहार्य वाटल्यास मृदू द्रव्ये, आधी व नंतर रक्तातील क्षारांची तपासणी, आणि तज्ज्ञांची संमती, एवढे झाल्यावरच. बस्ती बहुतेकांत पुरेसा होतो.

औषधांपैकी तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली वत्सनाभ. त्यातील विषतत्त्व हृदयपेशींतील सोडियमचे मार्ग उघडेच ठेवते आणि निलयांची लय बिघडविते. शोधनाने हे विषत्व पुष्कळ घटते, परंतु शोधन नीट झाले आहे का, हे गोळीकडे पाहून कळत नाही. ज्वरात त्रिभुवनकीर्ती, अतिसारात आनंदभैरव देण्याची आपली सवय इतकी जुनी आहे की हात आपोआप त्या बरणीकडे जातो. घातक अनियमित गतीचा इतिहास असलेल्या रुग्णात तो आवरावा. गुडूची, पर्पटक, मुस्ता यांनी ज्वरात भागते. दुसरी ज्येष्ठमध. हे सौम्य म्हणून आपण मुक्तहस्ते देतो, पण दीर्घकाळ व अधिक मात्रेत ते पोटॅशियम घटविते आणि रक्तदाब वाढविते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथील ५४ वर्षांचा एक मनुष्य तीन आठवडे रोज ज्येष्ठमधाची काळी मिठाई पाकिटेच्या पाकिटे खात होता. तो निलयकंपनाने कोसळून मरण पावला. ही हकीकत २०२० मध्ये तेथील अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. आठवडाभराच्या कासचूर्णाने असे होत नाही. बारा महिने चालणारे चूर्ण मात्र तपासावे. तिसरी गुग्गुळ. डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल या औषधांचे रक्तातील प्रमाण गुग्गुळाच्या सत्त्वाबरोबर घेतल्यास घटते, असे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील अभ्यासात दिसले होते. गती आवरणारे औषध असे अर्धवट शोषले गेले तर दोष कोणाच्या माथी जाईल, हे सांगावयास नको.

दुकानातील लोहचुंबक

औषधालयांत चुंबकीय पट्टे, कडी, गाद्या अद्यापही विकल्या जातात. चुंबक जवळ आला की बहुतेक आय.सी.डी. तो दूर होईपर्यंत आघात देणे थांबवितात; पेसमेकर हृदयाकडे न पाहता ठरावीक गतीने ठोके देऊ लागतो. छातीवर झोपून वापरण्याच्या चुंबकीय गादीचे काय होईल, ते वाचकांनीच ठरवावे. २०२१ मध्ये असे दिसून आले की काही नव्या भ्रमणध्वनींतील चुंबकही, संच छातीशी धरल्यास, आघात-यंत्रणा थांबवू शकतो. म्हणून भ्रमणध्वनी डाव्या खिशात न ठेवता यंत्रापासून किमान पंधरा सेंटिमीटर दूर ठेवावा. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट अंतर राखावे. साध्या गॅसची, मिक्सरची वा दूरचित्रवाणीची भीती बाळगण्याचे कारण नाही. रुग्णांना नसत्या धास्तीत ठेवणे हाही उपद्रवच आहे.

आघात बसल्यावर काय करावे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. एकच आघात बसून रुग्ण पूर्ववत असेल तर त्याच दिवशी तज्ज्ञांना कळवावे. दोन वा अधिक आघात, किंवा एकाबरोबर मूर्च्छा, छातीत वेदना वा श्वास असल्यास थेट रुग्णवाहिका. काही यंत्रे विद्युत्-घट संपत आल्यावर वा तार बिघडल्यावर ध्वनी करतात, काही थरथरतात. एका वृद्धेच्या घरी तो आवाज आठवडाभर घड्याळाचा समजला जात होता.

यंत्राविषयीची तक्रार आपणही नोंदवू शकतो. ६ जुलै २०१५ पासून आपल्या देशात वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. त्याचे केंद्र गाझियाबाद येथील भारतीय भेषजसंहिता आयोगात आहे. आपल्या औषधांच्या दुष्परिणामांची नोंद दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेतील केंद्राकडे करावयाची असते. ती करण्यात आपण कमी पडतो, हे मान्य करावे लागेल. गायडंटच्या गोष्टीवर आपण संतापतो. वत्सनाभाचा विषपरिणाम पाहून किती जणांनी कळविले?

एक अप्रिय गोष्टही लिहिली पाहिजे. खेडेगावात मृत्यूचा दाखला पुष्कळदा आपणच देतो. मृताच्या छातीत यंत्र असेल तर दहनापूर्वी ते काढावे लागते. चितेच्या उष्णतेने त्यातील विद्युत्-घटाचा स्फोट होतो. आय.सी.डी. असल्यास काढण्यापूर्वी ती रुग्णालयाकडून निष्क्रिय करून घ्यावी, नाहीतर तार कापताना हात लावणाऱ्यास आघात बसू शकतो. शोकाकुल घरात हा विषय काढणे जड जाते. म्हणून दाखल्यावर सही करण्यापूर्वीच, एखाद्या जाणत्या नातेवाइकाला बाजूला घेऊन विचारावे.

आमच्या केसपेपरवर आता इतिहासाच्या रकान्यात ‘शरीरात यंत्र आहे काय? कोणते? ओळखपत्र पाहिले काय?’ अशा तीन ओळी छापलेल्या आहेत, आणि तिसऱ्या ओळीपुढे सहायकाची सही लागते. गुरुजींच्या ओळखपत्राची प्रत त्यांच्या केसपेपरला टाचलेली आहे. विद्युत्-उपकरण कपाटात कुलपात असते, किल्ली आमच्याकडे.